चार वर्षांची लेक दिवसभर बोलते. सबुरी कुठून आणू?

सांजदिवा (सांगली)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसती वाचायला येते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

माझी लेक साडेचार वर्षांची आहे. घरात तिला चिमणी म्हणतात, इथंही तेच लिहिते. सकाळी डोळे नीट उघडायच्या आधी तिची टकळी सुरू होते आणि रात्री अर्धं वाक्य तोंडात असतानाच झोप लागते. मध्ये खंड नाही. दात घासताना तोंडात फेस घेऊन बोलते. मी पोळ्या लाटत असले आणि नुसतं "हं, हं" करत असले तर तिला लगेच कळतं. ओट्याशी स्टूल आणते, वर चढते, पिठाने भरलेल्या बोटांनी माझी हनुवटी धरते आणि माझं तोंड स्वतःकडे वळवते. मग पुढचं वाक्य.

माणसांची तिला भारी हौस. रिक्षावाले काका, भाजीवाल्या मावशी, गणपतीच्या देवळाबाहेर दुर्वा घेऊन बसणाऱ्या आजी, सगळ्यांशी हिची घसट. दुर्वावाल्या आजींचा गुडघा कुठला दुखतो ते मला माहीत नव्हतं, हिला माहीत होतं. बसमध्ये शेजारी कोणी बसलं की विश्रामबाग येईपर्यंत त्यांच्या घरात किती माणसं, म्हैस आहे का, तिचं नाव काय, सगळं विचारून होतं. लोक हसतात, कौतुक करतात. मलाही आवडायचं.

दीड महिन्यापूर्वी माझ्या मिस्टरांची नोकरी गेली. कंपनीने एकदम बरीच माणसं कमी केली. घरात आम्ही हे फक्त चौघांत ठेवलं होतं, सासूबाईंची तशी इच्छा होती. आणि चैत्रातल्या हळदीकुंकवाला, घरात पंधरा-वीस बायका असताना, चिमणी कैरीच्या डाळीची वाटी हातात घेऊन एका काकूंना म्हणाली, "आमचे बाबा आता रोज घरीच असतात. त्यांची नोकरी गेली. रात्री आई रडते."

सासूबाई काही न बोलता आत गेल्या. मी चिमणीला उचलून मोरीपाशी नेलं आणि तिच्या तोंडावर हात दाबून ठेवला. जोरात. "बाहेर तोंड उघडायचं नाही, कळलं?" असं म्हणाले. तिचे डोळे माझ्या हाताच्या वर तेवढे दिसत होते.

त्याच आठवड्यात बालवाडीतून निरोप आला की मुलगी फार बोलते, बाकीच्यांचं लक्ष जातं, म्हणून तिला वेगळं बसवायला लागतं. हाताची घडी, तोंडावर बोट.

आता मुख्य सांगते. आमच्याकडे तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लागला की चिमणी गणपतीला दिवसभराचं सगळं सांगते. कोणी शिकवलेलं नाही. शुभंकरोती झालं की मांडी घालून बसते आणि सुरू. गेल्या शुक्रवारी मी दिवा लावला, शुभंकरोती म्हटली, आणि ही हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून देवासमोर बसून राहिली. विचारलं, "आज बाप्पाला काही सांगायचं नाही?" तर बोट न काढता मान हलवली. नंतर झोपताना म्हणाली, "शहाणी मुलं गप्प असतात. बाप्पा पण शहाणाय, म्हणून तो बोलत नाही."

तेव्हापासून माझ्या पोटात खड्डा पडलाय. देव्हाऱ्याशेजारी साईबाबांचा फोटो आहे, त्यावर "श्रद्धा, सबुरी" लिहिलंय. रोज पुसते तो फोटो. श्रद्धा आहे माझी. सबुरी कुठून आणू ते सांगा. आणि जे मोडलं ते परत जुळतं का?

मोगरा_७

ताई, आधी एक खोल श्वास घ्या. हात ठेवलात ते चुकलं, पण एवढं उघडपणे कबूल करणारी आई त्या पोरीच्या वाट्याला आलीय. माझ्याकडे सहा वर्षांचा आहे, असाच. साडेचार वर्षांचं मूल तुम्हाला माफ करायला बसलेलंच असतं, आपण मागायला जात नाही इतकंच. खाली बसून, तिच्या उंचीला येऊन सांगा: "आईचं चुकलं. तोंडावर हात ठेवायला नको होता." पुढं "पण तू पण…" हे जोडू नका. "पण" आला की माफी गेली.

सरळ_बोलतो

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. मूल बोलकं असणं चांगलंच, पण बोलण्याला लगाम हवा. माझा मुलगा पाच वर्षांचा, कोणाच्याही मांडीवर जाऊन बसणारा. मागच्या वर्षी एसटी स्टँडवर मी तिकिटाच्या रांगेत होतो. वळून पाहिलं तर हा नाही. चार-पाच मिनिटांनी सापडला. एका माणसाबरोबर स्टँडच्या मागं गेला होता, त्याच्याकडचं करडू बघायला. माणूस भला होता, स्वतःच हात धरून घेऊन येत होता. पण ती चार मिनिटं मी अजून विसरलेलो नाही. तेव्हापासून घरात नियम केला, अनोळखी माणसाशी एक शब्द बोलायचा नाही. कौतुक करणारे लोक कौतुक करून आपापल्या घरी जातात, निस्तरायला आईबाप असतात.

सांजदिवा

@मोगरा, आज सकाळीच माफी मागितली. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझ्या हाताला लागलं का?" पुढं काही लिहवत नाही.

@सरळ_बोलतो, राग नाही. ती चार मिनिटं माझ्याही अंगावर आली.

शब्दसखी

मी वाचाउपचारतज्ज्ञ आहे. दवाखान्यात येणारे बहुतेक आईबाप "बोलत नाही" म्हणून येतात, त्यामुळे "फार बोलते" हे वाचून मन निवतं. तरी दोन-चार गोष्टी नीट सांगते, कारण बडबडीच्या आड कधीकधी दुसरं काही लपलेलं असतं.

पहिली, कान. मूल मोठ्याने बोलतं, टीव्हीचा आवाज वाढवतं, पाठीमागून हाक मारली तर ओ देत नाही, असं असेल तर कान तपासून घ्या. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांत कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं आणि ऐकू कमी येतं. अशी मुलं कधीकधी स्वतःच बोलत राहतात, कारण दुसऱ्याचं ऐकण्यापेक्षा ते सोपं पडतं.

दुसरी, आवाज. ओरडून बोलणाऱ्या मुलांचा घसा बसतो. घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, स्वरतंतूंवर गाठी येऊ शकतात. घरात एक साधी सवय लावा: दुसऱ्या खोलीतून बोलायचं नाही, जवळ येऊन बोलायचं. ही मोठ्यांनीही पाळायची. स्वयंपाकघरातून हॉलमध्ये हाका मारणाऱ्या घरात मूल हळू बोलायला कुठून शिकणार?

तिसरी, अडखळणं. दोन ते पाच या वयात डोक्यात विचार भरभर येतात आणि जीभ मागं पडते, म्हणून "मी मी मी मी" असं होतं. तेव्हा "नीट बोल, सावकाश बोल" म्हणू नये. आपणच सावकाश बोलावं. सहा महिन्यांच्या वर टिकलं, किंवा बोलताना चेहरा ताणला जायला लागला, तर दाखवावं.

आणि हल्ली कोणीही येतं आणि म्हणतं, "एडीएचडी असेल." तसा शिक्का घरी बसून मारू नका. त्यासाठी नुसतं बोलकेपण पुरत नाही. लक्ष न टिकणं, चंचलपणा, उतावळेपणा यांची बरीच लक्षणं सहा महिने तरी आणि घर व शाळा अशा निदान दोन ठिकाणी दिसावी लागतात, मुलाचं रोजचं जगणं त्याने अडावं लागतं. जी मुलगी दुर्वावाल्या आजींचा कुठला गुडघा दुखतो हे ऐकून लक्षात ठेवते, ती लक्ष देऊन ऐकते आहे, सांजदिवाताई.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. या वयाची मुलं आपल्याशीच बोलतात असं नाही, स्वतःशीही मोठ्याने बोलतात. "आता मी हा लाल ठोकळा वर ठेवणार, मग पडेल, मग नाही पडणार." लेव्ह व्हिगोत्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी हे ओळखलं होतं. हे मोठ्याने बोलणं हळूहळू आत वळतं आणि त्याचाच विचार होतो. म्हणजे साडेचार वर्षांचं मूल विचार करतं तेव्हा तो आपल्याला ऐकू येतो. "तोंडावर बोट" म्हणजे त्या वयाला "विचार थांबव" म्हटल्यासारखं आहे.

मोगरा_७

हे शेवटचं वाचून मी उठून मुलाच्या खोलीत गेले. तो गाडीशी बोलत होता. दारातच उभी राहिले आणि ऐकलं. आजवर मला तो नुसता गोंगाट वाटायचा.

अंगणवाडीताई

मी सेविका आहे, सव्वीस वर्षं झाली. लिहायची सवय रजिस्टरची, त्यामुळे चुकलं तर समजून घ्या.

तीन ते सहा वर्षांची मुलं आमच्याकडे असतात. दरवर्षी त्यात दोन-तीन चिमण्या असतातच. नवीन होते तेव्हा मीही तोंडावर बोट ठेवायला लावत होते. मग प्रशिक्षणात ताराबाई मोडकांचं आणि अनुताई वाघांचं बालशिक्षणाचं काम सांगितलं गेलं. १९४५ ला बोर्डीला सुरू केलं आणि पुढं कोसबाडच्या टेकडीवर नेलं. पाड्यातली मुलं शाळेकडे येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, असं त्या बायांनी केलं. मी घरी येऊन विचार केला. त्यांनी शाळा उचलून पोराच्या दारात नेली, आणि माझ्याच्याने पोराचं बोलणं पाच मिनिटं ऐकवत नाही?

काय केलं ते सांगते. बोलक्या पोराला बोलायचं काम दिलं. हजेरीला मी नाव घ्यायचं आणि त्याने सांगायचं कोण आलं नाही, का आलं नाही. त्याला सगळ्यांच्या घरचं माहीत असतंच! एका पोरीने असंच सांगितलं की अमुक मुलगा आला नाही कारण त्याची आई दवाखान्यात आहे आणि घरात चूल पेटलेली नाही. त्या दिवशी मी त्या घरी डबा नेला. ती पोरगी गप्प बसणारी असती तर मला कळलं नसतं.

दुसरं, चिंचोका. गोलात बसायचं, ज्याच्या हातात चिंचोका तो बोलणार, बाकीचे ऐकणार. बोलून झालं की शेजारच्याला द्यायचा. पहिल्या दिवशी बोलकं पोर चिंचोका सोडत नाही, मूठ घट्ट. ओढून घ्यायचा नाही. "अजून एक गोष्ट सांग आणि दे" म्हणायचं. आठ-दहा दिवस लागतात. एक गंमत होते, लाजरी पोरंही बोलायला लागतात, कारण चिंचोका हातात आला की कोणी त्यांचं बोलणं तोडत नाही. ऐकायची सवय लागायला कानगोष्टी, "शिवाजी म्हणतो" हे खेळ आहेतच, ते घरीही घ्या.

बालवाडीच्या बाईंवर चिडू नका. एका बाईंच्या अंगावर चाळीस पोरं असली की जीव मेटाकुटीला येतो. पण जाऊन भेटा, आणि भेटताना भांडायला आल्यासारखं जाऊ नका. "घरी आम्ही हे करतो, तुम्ही हिला एखादं काम देऊन बघाल का?" असं विचारा.

@सरळ_बोलतो भाऊ, अनोळखी माणसाशी बोलायचंच नाही म्हटलं आणि उद्या पोरगं जत्रेत हरवलं, तर ते मदत कोणाकडं मागणार? सगळे अनोळखीच असतात तिथं. आम्ही शिकवतो: बोलायला हरकत नाही, पण आईबाबांना विचारल्याशिवाय जायचं नाही. करडू बघायला नाही, गोळी घ्यायला नाही, "तुझ्या आईने बोलावलंय" म्हटलं तरी नाही. हरवलास तर जागेवर उभा राहा, मोठ्याने आईला हाक मार, नाही दिसली तर पोलिसांकडे, दुकानदाराकडे नाहीतर लेकरू कडेवर असलेल्या बाईकडे जा. फोन नंबर चालीवर पाठ करून घ्यायचा, आमची सगळी पोरं टाळ्या वाजवत म्हणतात. आणि अडचणीतल्या मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर आपल्यालाही पाठ हवा.

वाईचे_आजोबा

धागा दुपारी वाचला आणि संध्याकाळपर्यंत मनातून गेला नाही. वय बहात्तर. नातवंडं मोठी झाली, घर शांत आहे. इतकं शांत की घड्याळाचा आवाज येतो. पण ते जाऊ दे.

सांजदिवा, तू साईबाबांच्या फोटोचं लिहिलंस म्हणून सांगतो. शिरडीला एका वृद्ध बाई बाबांकडून कानमंत्र हवा म्हणून अन्नपाणी सोडून बसल्या, ती कथा तुला माहीत असेल. बाबांनी त्यांना सांगितलं की माझ्या गुरूंनीही मला मंत्र दिला नाही, फक्त दोन पैसे दक्षिणा मागितली. एक पैसा निष्ठा, दुसरा सबुरी. आपण "दोन पैसे" ऐकतो आणि पुढं जातो. पण त्याच बोलण्यात बाबा कासवीचं सांगतात. कासवी या काठाला, पिल्लं त्या काठाला. ती त्यांना दूध पाजत नाही की ऊब देत नाही, नुसत्या नजरेने वाढवते. कासवं खरोखर तशी वाढतात की नाही हा प्रश्न वेगळा. आपल्या संतांनी आईची नजर समजावून सांगायला कासवी घेतली, इतकंच.

तुझी लेक पिठाच्या बोटांनी हनुवटी का वळवते, त्याचं उत्तर मला तिथं दिसतं. तिला तुझं उत्तर नको असतं, नजर हवी असते. दिवसभर तिच्याकडे बघत बसणं कोणालाच शक्य नाही, तुलाही नाही, आणि हे तिला सांगता येतं. "पोळ्या होईपर्यंत कान तुझ्याकडे, डोळे तव्याकडे. पोळ्या झाल्या की डोळेही तुझ्याकडे." पण मग पोळ्या झाल्यावर गॅस बंद करून खरोखर बसायचं. शब्द पाळलेला मुलाला कळतो, आणि शब्द पाळणाऱ्या माणसासाठी मूल थांबतं. सबुरी तिला शिकवायची तर आधी आपला शब्द खरा करावा लागतो.

देवासमोर बोट ठेवून बसली, हे वाचून मला नामदेव आठवले. लहानगा नामा नैवेद्य घेऊन देवळात गेला. वडिलांनी, दामाशेटींनी सांगितलं होतं, देवाला जेवू घाल. मोठ्या माणसांनी ताट दाखवलं असतं आणि परत आणलं असतं. नामा बसून राहिला, देवाशी बोलला, रडला, हट्ट केला, आणि कथा सांगते की विठ्ठल जेवला. गोणाईच्या या लेकराला त्या वेळी कोणी "देवळात बडबडू नकोस" म्हटलं असतं तर? पंढरपूरला महाद्वारात शिरताना पहिली पायरी नामदेवाची लागते. माणसं तिच्यावर पाय न ठेवता डोकं ठेवून पुढं जातात. एवढा मान देवाशी मोकळं बोलणाऱ्याला आहे, पोरी. ती परत बोलायला लागेल. तू तिच्याशेजारी बस आणि देवाशी आधी तू बोल. मोठ्याने.

गप्पगप्प

मी ती मुलगी होते. आज सेहेचाळीस वर्षांची आहे.

आमच्या घरी "मुलीच्या जातीला एवढं बोलणं शोभत नाही" हे रोजचं होतं. सातव्या वर्षी मी थांबले. सगळे म्हणाले, किती शहाणी झाली. ऑफिसात अजूनही मीटिंगमध्ये माहीत असलेलं उत्तर माझ्या गळ्यापाशी येऊन थांबतं आणि तेच दुसरं कोणी बोलतं. आजी तेवढी म्हणायची की रागावून दार लावून बसलेल्या ज्ञानेश्वरांना मुक्ताईने बोलून बोलूनच बाहेर काढलं, तेव्हा लहान मुलीच्या बोलण्याला कमी लेखू नका. आजी लवकर गेली.

लवकर जाग आलीय तुम्हाला. शुक्रवार ते आज म्हणजे काहीच नाही.

वसईची_लेक

आमच्याकडे संध्याकाळी घरात रोझरी होते. माझा पोरगा चार वर्षांचा, प्रत्येक "नमो मरिये"च्या मध्ये त्याचा एक प्रश्न. येशूची आई स्वयंपाकात काय करायची, देवदूताला पंखांनी गुदगुल्या होतात का. मी आधी डोळे वटारायचे. माझ्या आईने एक दिवस सांगितलं, शेवटी त्याला त्याची प्रार्थना म्हणू दे, स्वतःच्या शब्दांत, हवी तेवढी लांब. आता तो शेवटपर्यंत दम धरतो, कारण शेवट त्याचा असतो. आमच्या बावडीसाठी, शेजारच्या कोंबडीसाठी, शाळेतल्या बाईंच्या खोकल्यासाठी मागतो. कधीकधी दहा मिनिटं. घरात सगळ्यात मन लावून केलेली प्रार्थना तीच असते.

सांजदिवा

सगळ्यांचं वाचतेय, दोन-दोनदा. एक अडलंय. घरातलं बाहेर सांगायचं नाही हे तिला समजावू कसं? "खोटं बोल" असं तर शिकवायचं नाही. आणि "हे गुपित ठेव" म्हटलं तर उद्या कोणी वाईट माणसाने तिला गुपित ठेवायला सांगितलं तर?

शब्दसखी

फार महत्त्वाचं विचारलंत. "गुपित" हा शब्द वापरूच नका. "घरातलं" आणि "सगळ्यांचं" असे दोन कप्पे करा. आईचं रडणं, बाबांची नोकरी, आजीचं औषध हे घरातलं. म्हशीचं नाव, बालवाडीतलं गाणं, नवी चप्पल हे सगळ्यांचं. घरातलं घरातल्या कोणालाही, कितीही वेळा सांगता येतं, त्यावर रडता येतं, प्रश्न विचारता येतात. आणि कोणी अंगाला हात लावला, भीती वाटली, "आईला सांगू नकोस" म्हणालं, तर ते आधी आईला सांगायचं. आईला सांगायचं नाही असं या जगात काहीही नसतं, हे तिच्या मनात पक्कं बसवा. जे मूल आईशी वायफळ बोलू शकतं तेच उद्या गंभीर गोष्टही सांगतं. सगळं ऐकायची तयारी ठेवायची ती त्या एका दिवसासाठी.

आणखी एक. तिने हळदीकुंकवात जे सांगितलं, ते तिला कोणाला तरी सांगायचंच होतं. बाबा घरी का, आई का रडते, हे घरात तिला कोणी समजावलं होतं का?

सांजदिवा

नाही. आम्हाला वाटलं होतं, तिला कुठं काय कळतंय.

सरळ_बोलतो

अंगणवाडीताई, तुमचं वाचलं आणि काल मुलाला घेऊन पुन्हा त्याच स्टँडवर गेलो. रसवंतीवाल्याशी त्याला बोलू दिलं. मग मुद्दाम विचारलं, "काका म्हणाले आत चल, यंत्र दाखवतो, तर काय करशील?" म्हणाला, "आधी बाबाला विचारणार." वर्षभर पोरगा बाहेर माझं बोट धरून खाली मान घालून चालायचा आणि मी त्याला शिस्त समजत होतो. काल रसवंतीवाल्याने त्याला घुंगरू वाजवू दिले. घरी येईपर्यंत तेच सांगत होता. मीही नियम बदललाय, घरात सगळ्यांना सांगितलं.

सांजदिवा

तीन आठवडे झाले. हे लिहायचं कर्ज होतं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. परवा उन्हातून थकून आले आणि "पाच मिनिटं गप्प बस गं" असं ओरडलेच. पण आता ओरडले की मीच थांबते आणि सांगते, "आई दमलीय, पाणी पिते, मग ऐकते." ती स्टूलवर बसून माझ्या पाण्याच्या ग्लासकडे बघत थांबते. शेवटचा घोट झाला रे झाला की सुरू.

बाबांनी तिला जवळ घेऊन नोकरीचं सगळं सांगितलं, तिला कळेल अशा शब्दांत. तिने दोनच प्रश्न विचारले: "आपल्याकडे तांदूळ आहेत ना?" आणि "तुझा डबा आता कोण खातं?" दीड महिना ती हे एकटी मनात घेऊन फिरत होती. आता घरातलं आणि सगळ्यांचं असे दोन कप्पे झालेत. भाजीवाल्या मावशींना म्हणाली, "एक गोष्ट आहे पण ती घरातली आहे." मावशी हसल्या, मी पिशवी सांभाळत तिथंच उभी राहिले.

सासूबाईंशीही बोलले. मला वाटत होतं त्या चिमणीवर रागावल्यात. त्या म्हणाल्या, "लोकांना कळलं त्याचं काही नाही. मला आत जाऊन रडायचं होतं, म्हणून गेले." त्या दिवशी हळदीकुंकवाला ज्या काकूंना चिमणीने सांगितलं, त्यांनी त्यांच्या भावाच्या ओळखीने एका ठिकाणी शब्द टाकलाय. होईल न होईल, देव जाणे. पण नवरा शर्टाला इस्त्री करून मुलाखतीला गेला, बऱ्याच दिवसांनी.

बालवाडीच्या बाईंना भेटले. त्या माझ्यापेक्षा दमलेल्या होत्या. चिमणीला आता रोज पाण्याच्या बाटल्या लावायचं आणि कोण आलं नाही ते सांगायचं काम आहे. वेगळं बसवणं बंद झालंय.

देवासमोरचं मात्र लवकर झालं नाही. आजोबा, तुम्ही सांगितलंत तसं मी शेजारी बसून मोठ्याने बोलायला लागले. पहिले दोन दिवस मलाच लाज वाटली, मोठ्याने देवाशी बोलायची सवय कुठं राहिलीय आपल्याला. "बाप्पा, आज बँकेत फार गर्दी होती. बाप्पा, मला ह्यांच्या नोकरीची काळजी वाटते." चिमणी तोंडावर बोट ठेवून माझ्याकडे बघायची. सहाव्या-सातव्या दिवशी बोट खाली आलं. मग एकदा मध्येच म्हणाली, "आई, भात करपलेला सांगायचा राहिला." आणि तिथून तिचं सुरू झालं.

काल संध्याकाळचं सांगते आणि थांबते. घरात आता चिंचोका आहे, ताईंच्या कृपेने, जेवताना तो हातोहात फिरतो. काल दिवा लावला, तिने चिंचोका मुठीत घेतला आणि गणपतीला सगळं सांगितलं. दुर्वावाल्या आजी दोन दिवस दिसल्या नाहीत, बाटल्या लावताना एक सांडली, बाबांचा इस्त्रीचा शर्ट. शेवटी म्हणाली, "बाबांच्या नोकरीचं घरातलं आहे, पण तू घरातलाच आहेस." मग तिने मूठ उघडली, चिंचोका निरांजनाशेजारी ठेवला आणि म्हणाली, "आता तुझी पाळी."

आणि बसून राहिली. मीही बसले. ज्योत हलत होती, खालच्या घरातून कुकरची शिट्टी आली. चिमणी गणपतीकडे बघत होती, मान थोडी पुढे, कान दिल्यासारखी. बराच वेळ काही बोलली नाही. तोंडावर बोट नव्हतं.